प्लास्टिकच्या मॅगझिनला शिव्या घालण्याआधी

सातारा जिल्ह्यात रायफलीचा विषय निघाला की गप्पा लांबतात. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव इथलं, 1961 साली सुरू झालेलं देशातलं पहिलं सैनिक स्कूल इथलं, आणि माण-खटावपासून पाटणपर्यंत वाडीगणिक एखादा पेन्शनर हवालदार सापडतोच. त्या पारावरचं एक मत ठाम आहे: मॅगझिन, म्हणजे रायफलीला गोळ्या पुरवणारं खोकं, असावं तर पोलादाचं, प्लास्टिकचं म्हणजे खेळणं. हे मत पक्कं झालं 1999 च्या उन्हाळ्यात. कारगिलच्या उंचीवर लष्कराच्या देशी बनावटीच्या इन्सास रायफलीची अर्धपारदर्शक प्लास्टिकची मॅगझिनं थंडीत तडकतात, ही तक्रार तेव्हा उघडपणे बाहेर आली. आता उत्तर प्रदेशातल्या कोरव्याच्या कारखान्यात एके-203 तयार होऊन पलटणींमध्ये पोचते आहे आणि तिचंही मॅगझिन प्लास्टिकचंच आहे. त्यामुळे ‘पुन्हा तेच केलं’ असा सूर उमटणं साहजिक आहे.

या मताला पोळलेल्या माणसांचा आधार आहे, ते हसण्यावारी नेता येत नाही. पण त्यातून निघणारी मागणी चुकीची आहे. पोलाद मागून प्रश्न सुटत नाही. मागायचं ते हे: टेंडरमध्ये प्लास्टिकची जात लिहा, ज्या हवेत वापरायचं त्या हवेत ते तपासा, आणि खराब मॅगझिन जवानाला न घाबरता परत करता येईल अशी व्यवस्था ठेवा. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे आणि तिच्याकडेच कुणाचं लक्ष नाही.

मॅगझिन दिसायला साधं असतं. खोकं, आत स्प्रिंग, स्प्रिंगवर गोळ्या उचलून धरणारा प्लॅटफॉर्म, खाली तळपट्टी आणि वर आत वळलेले दोन ओठ. खरं काम ओठांचं. वरची गोळी किती उंचीवर, कुठल्या कोनात आणि किती घट्ट धरायची हे ओठ ठरवतात. रायफलीचा सरकता बोल्ट पुढे जाताना ती गोळी ढकलून नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये नेतो. ओठ थोडे फाकले तर गोळी वर उचलली जाते किंवा एका वेळी दोन सुटतात. ते आत दबले तर गोळी सुटतच नाही, बोल्ट वरून निघून जातो आणि रोका पडतो, म्हणजे फायर अडतो. हा फरक मिलिमीटरच्या अंशात असतो. एके आणि इन्सासच्या मॅगझिनला आणखी एक नाजूक जागा आहे. ही मॅगझिनं पुढचा हूक आधी अडकवून मग मागे झुलवून बसवतात. म्हणजे सगळा झटका पुढच्या हुकावर आणि मागच्या खाचेवर येतो. टिकाऊपणाचा वाद घालायचा तर या तीन जागांवर घालावा. खोक्याची भिंत काय, कुठलीही चालते.

आता पोलाद. साधारण एक मिलिमीटरचा पत्रा दाबून दोन अर्ध्या बाजू बनवतात, स्पॉट वेल्डिंगने जोडतात, ओठ कडक करतात, वर फॉस्फेट आणि रंग देतात. हे खोकं पडलं तर फुटत नाही, वाकतं. पारावरच्या मताची सगळी मदार यावर आहे आणि फसगतही इथेच होते. काँक्रीटवर ओठांच्या बाजूने पडलेलं पोलादी मॅगझिन हातात घेतलं तर ठीकठाक दिसतं. अर्ध्या मिलिमीटरने दबलेला ओठ डोळ्याला कळत नाही. ते पुसून परत पाऊचमध्ये जातं आणि कुठल्यातरी नको त्या वेळी रोका देतं. मग जवान म्हणतो रायफल अडकते, आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, रायफल उघडून बसतो आणि दोष मॅगझिनमध्ये तसाच राहतो. प्लास्टिकचा ओठ तुटला तर तुटलेला दिसतो, ते मॅगझिन निदान पुन्हा वापरात येत नाही.

‘पोलादाचं दुरुस्त तरी होतं’ हे अर्धसत्य आहे. दबलेला ओठ पकडीने सरळ करता येतो, पण कडक केलेल्या पत्र्याला एकदा मोडून पुन्हा उलटं वळवलं की वळणाच्या आतल्या बाजूला बारीक चीर सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दुरुस्तीत तो ओठ हातात येतो. खोक्याला पोचा पडला तर तो आतून ठोकून काढतात, पण भिंतीवर राहिलेल्या उंचवट्याला प्लॅटफॉर्म घासतो आणि शेवटच्या पाच-सात गोळ्या सावकाश वर येतात. नवशिके याला स्प्रिंग गेली असं म्हणतात.

स्प्रिंगबद्दल एक गैरसमज इतका जुना आहे की आता तो नियमासारखा पाळला जातो. मॅगझिन भरून ठेवलं की स्प्रिंग मरते, म्हणून दोन-तीन गोळ्या कमी भरायच्या आणि दर आठवड्याला रिकामं करायचं. चांगल्या तारेची, योग्य घडणीची स्प्रिंग दाबून ठेवल्याने सुरुवातीला किंचित बसते आणि मग स्थिर होते. तिला थकवतं ते पुन्हा पुन्हा दाबणं-सोडणं. आठवड्याला भरून रिकामं करणारा जवान स्प्रिंग वाचवत नसतो, झिजवत असतो. शिवाय ओठांतून गोळ्या उगाच घासल्या जातात त्या वेगळ्याच. भरून ठेवण्याचा खरा त्रास प्लास्टिकच्या ओठांना होतो, त्याकडे पुढे येऊ.

गंजाचं गणित साताऱ्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेची मारामार. माणमधल्या दहिवडीच्या शस्त्रागारात वर्षानुवर्षं कोरडं राहणारं पोलादी मॅगझिन महाबळेश्वरच्या बंदोबस्तात एका पावसाळ्यात आतून तांबूस होतं. आतून, कारण प्लॅटफॉर्म वर-खाली होताना आतला रंग घासून निघतो आणि उघडा पत्रा ओल धरतो. बाहेरून रंग मारून चकचकीत केलेलं मॅगझिन तपासणीत पास होतं. तळपट्टी काढून आत बोट फिरवल्याशिवाय पोलादी मॅगझिनची तपासणी झाली असं म्हणूच नये.

थंडीतही पोलाद फार लाडकं नसतं. बर्फातल्या बंकरमध्ये बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी, पेटलेली असते. बाहेर उणे वीसवर राहिलेलं पोलाद आत आणलं की त्याला घाम फुटतो. तो ओलावा स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बसतो आणि जवान पुन्हा बाहेर पडला की गोठतो. त्या तापमानाला उघड्या हाताने पोलाद धरलं तर कातडी चिकटते. प्लास्टिकलाही दव धरतं, पण ते हाताला चावत नाही आणि गंजत नाही.

मग कारगिलमध्ये जे झालं ते काय? इथे ‘प्लास्टिक’ हा एकच माल समजणं सोडावं लागतं. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागायतदाराला हे सांगावं लागत नाही. काजळी मिसळलेली ठिबकची काळी लॅटरल नळी उन्हात वर्षानुवर्षं पडून राहते आणि साधी पांढरी नळी दोन उन्हाळ्यांत हातात चुरते, दोन्ही प्लास्टिकच. मॅगझिनमध्येही तेच. पॉलिकार्बोनेट पारदर्शक होतं, आपटलं तरी सहज फुटत नाही, पण त्याला ओरखडा किंवा धारदार कोपरा सहन होत नाही आणि पेट्रोल, थिनर लागलं की ताण असलेल्या जागी बारीक भेगांचं जाळं पडतं. डास पळवण्याच्या मलमांत वापरला जाणारा डीट हा घटकही त्याला खातो. काचेचे तंतू मिसळलेलं नायलॉन अपारदर्शक असतं, पेट्रोल आणि तेल दोन्ही पचवतं, पण ते हवेतला ओलावा पितं. ओलावा प्यालेलं नायलॉन चिवट असतं. साच्यातून ताजं निघालेलं, सुकं नायलॉन ठिसूळ असतं. ते थेट कोरड्या थंड डोंगरावर पाठवलं तर पहिल्याच आपटीत तडकू शकतं. त्यासाठी साच्यातून काढल्यावर माल पाण्यात किंवा दमट हवेत ठेवून मुरवतात.

पारदर्शक मॅगझिन थंडीत टिकतच नाही, हेही खरं नाही. स्वित्झर्लंडच्या लष्कराच्या 1990 च्या रायफलीला अर्धपारदर्शक प्लास्टिकचंच मॅगझिन आहे आणि त्यांचा सराव आल्प्समध्ये चालतो. ऑस्ट्रियाने 1977 मध्ये घेतलेल्या रायफलीचंही तसंच. आणि ज्या एके-47 च्या पोलादी मॅगझिनची आपण उदाहरणं देतो, ती वापरणाऱ्या सोव्हिएत लष्कराने स्वतः पोलाद सोडलं. त्यांची पहिली जाड पत्र्याची मॅगझिनं रिकामी साधारण 430 ग्रॅमची होती. पत्रा पातळ करून त्याला पन्हळी दिल्या तेव्हा वजन 330 ग्रॅमच्या आसपास आलं. मध्ये ॲल्युमिनियम करून पाहिलं, ते हलकं होतं पण फार लवकर दबायचं. साठच्या दशकाच्या अखेरीस काचतंतू भरलेल्या नारिंगी-तपकिरी प्लास्टिकची मॅगझिनं आली, 250 ग्रॅमच्या आसपास, आणि हुकाच्या जागी आत पोलाद घातलेलं. सायबेरियात पहारा देणाऱ्या फौजेने हा बदल केला, हे लक्षात घेतलं तर ‘थंडी म्हणजे पोलादच’ या मताचा जोर कमी होतो. अमेरिकेच्या मरीन दलानेही 2016 च्या डिसेंबरमध्ये प्लास्टिकच्या मॅगझिनला मान्यता दिली.

त्या सोव्हिएत मॅगझिनमधली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे आत घातलेलं पोलाद. खोकं प्लास्टिकचं, पण हूक, मागची खाच आणि शक्य तर ओठ पोलादाच्या तुकड्यावर घडवलेले. बल्गेरियात बनणाऱ्या चांगल्या मॅगझिनांतही हीच रचना आहे. झुलवून बसवायच्या रायफलीला निखळ प्लास्टिकचा हूक देणं ही काटकसर अंगाशी येते. दोन-चारशे वेळा बसवताना काही होत नाही. घाईत तिरपं बसवून जोराने मागे ओढलं, किंवा जवानाने झोपून फायर करताना मॅगझिन जमिनीला टेकवून रायफलीचा भार त्यावर दिला, की हुकाच्या मुळाशी पांढुरकी रेघ उमटते आणि पुढे कधीतरी तो निखळतो.

वजनाचा मुद्दा लोक क्षुल्लक समजतात. एका मॅगझिनमागे 80 ग्रॅम वाचले तर सहांमागे 480 ग्रॅम. एकेची 7.62 बाय 39 मिलिमीटरची एक गोळी साधारण 16 ग्रॅमची. म्हणजे तेवढ्याच वजनात तीस गोळ्या जास्त नेता येतात, एक अख्खं मॅगझिन भरेल एवढ्या. सोळा हजार फुटांवर हे अर्धा किलो कुणाच्या पाठीवर आहे त्याला विचारावं.

प्लास्टिकची खरी दुखणी वेगळी आहेत आणि त्यांवर कारगिलइतकी चर्चा होत नाही. एक म्हणजे ओठांचं हळूहळू फाकणं. भरलेल्या मॅगझिनमध्ये स्प्रिंगचा दाब सतत ओठांवर असतो. पोलाद तो दाब वर्षं झेलतं. प्लास्टिक उन्हात तापलं की सावकाश सरकतं. राजस्थानात बंद गाडीत भरून ठेवलेली मॅगझिनं महिन्याभराने मोजली तर ओठांमधलं अंतर वाढलेलं असू शकतं. म्हणूनच काही चांगल्या मॅगझिनांना वरून दाबून बसवायचं झाकण मिळतं, ते गोळ्या खाली दाबून ओठांवरचा भार काढून घेतं. जवान ते झाकण पहिल्याच आठवड्यात हरवतात, कारण ते कशासाठी आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. दुसरं दुखणं साच्याच्या दुकानातलं. कुपवडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत मोल्डिंग करणाऱ्याला विचारा: नायलॉनचा दाणा 80 अंशांवर चार तास तरी सुकवल्याशिवाय मशीनमध्ये घातला तर ओलावा वितळलेल्या मालाची साखळी तोडतो, वस्तू दिसायला गुळगुळीत पण आतून कमकुवत निघते. व्हर्जिन दाण्यात भरडलेला जुना माल मिसळला की काचेचे तंतू आखूड होतात आणि ताकद पडते. साच्यात दोन बाजूंनी आलेला माल जिथे भेटतो ती रेघ कायमची कच्ची असते. ती रेघ ओठाच्या मुळाशी आली तर तिथेच तुटणार. हे सगळं खर्चाच्या दोन-चार रुपयांवर ठरतं आणि तयार मॅगझिन हातात घेऊन यातलं काहीही ओळखता येत नाही.

म्हणून ‘प्लास्टिकचं मॅगझिन, तीस गोळ्यांचं’ एवढ्या वर्णनावर खरेदी होता कामा नये. जात आणि काचतंतूंचं प्रमाण लिहा, भरडलेला माल बंद, हूक-ओठांत पोलाद सक्तीचं. तपासणी अशी: ड्रिल कार्ट्रिज, म्हणजे सरावाच्या बिनदारूच्या गोळ्या, भरलेलं मॅगझिन उणे 40 वर रात्रभर ठेवून, बाहेर काढल्यावर अर्ध्या मिनिटात दीड मीटरवरून काँक्रीटवर टाकायचं, सहाही बाजूंनी, ओठांच्या बाजूने दोनदा. तीच कसरत 55 अंशांवर. मग भरलेलं मॅगझिन 60 अंशांच्या भट्टीत महिनाभर ठेवून आधी-नंतर ओठांमधलं अंतर मोजायचं. पेट्रोल, रायफल तेल आणि डासांचं मलम लावून आठवडाभर ठेवायचं आणि मग पुन्हा आपटायचं. शेवटची चाचणी हास्यास्पद वाटेल, पण ईशान्येच्या जंगलात जवानाचा मलम लावलेला हात दिवसभर त्या मॅगझिनवरच असतो. नमुने पुरवठादाराने आणून दिलेले नकोत, प्रत्येक लॉटमधून उचललेले हवेत. पोलादी मॅगझिन घ्यायचं असेल तर त्यालाही हीच आपटी आणि वर मिठाच्या फवाऱ्याची चाचणी, म्हणजे तुलना एका मापाने होईल.

आता कोतकडे, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागाराकडे येऊ, कारण मॅगझिन मरतं मैदानावर पण त्याचा निर्णय होतो कोतमध्ये. मॅगझिन हरवलं की चौकशी लागते, ते योग्यच आहे. रायफलीचा भाग चुकीच्या हाती जाऊ नये. पण त्या भीतीची सावली तुटलेल्या मॅगझिनवरही पडते. ‘कसं तुटलं, कुणी तोडलं’ या प्रश्नांपेक्षा फाकलेल्या ओठाचं मॅगझिन गपचूप परत ठेवणं सोपं असतं. आर्मररकडे बदलायला नवं नसतं, म्हणून तोही पकडीने थोडं आत दाबून देतो. असं मॅगझिन पाच वर्षं लेजरवर जिवंत राहतं. पोलाद टिकतं असं आपण म्हणतो त्यातला काही भाग हा असा लेजरवरचा टिकाऊपणा आहे. मॅगझिन बुटासारखं झिजतं हे एकदा मान्य केलं तर उपाय साधा आहे: नग मोजून ठेवा, पण तुटका नग दिला की त्याच दिवशी नवा, प्रश्न न विचारता. त्यासाठी मंजूर संख्येच्या दहा टक्के जास्तीची मॅगझिनं कोतमध्ये हवीत. हा दहाचा आकडा आमचा अंदाज आहे, वीस ठेवले तर आणखी बरं.

तपासणीला यंत्र लागत नाही. मॅगझिन रिकामं असल्याची खात्री करून तळपट्टी सरकवायची. स्प्रिंग उडते, म्हणून अंगठा वर हवा. खोक्यात कोरडी चिंदी फिरवायची. तेल पोलादाला पुसटसं, प्लास्टिकच्या आत नाहीच, कारण ओल्या भिंतीवर फायरिंग रेंजची धूळ बसून वाळूकागद तयार होतो. मग ओठांच्या आणि हुकाच्या मुळाशी टॉर्चचा उजेड आडवा टाकायचा. काळ्या प्लास्टिकवर ताण आलेली जागा पांढुरकी दिसते, पारदर्शक मॅगझिनमध्ये चीर चमकते. ओठांमधून दोन टोकांची पट्टी फिरवायची, एक टोक जायला हवं आणि दुसरं जायला नको. ही पट्टी कुठल्याही टूलरूममध्ये होते, मात्र एकदा मोजून प्रमाणित करून घ्यावी. शेवटी पाच ड्रिल कार्ट्रिज भरून वरची अंगठ्याने दाबून सोडायची. ती झटकन वर आली पाहिजे, अडखळली तर भिंत किंवा स्प्रिंग. एका मॅगझिनला दोन मिनिटं पुरतात.

पोलिसांचा प्रश्न वेगळा आहे. जिल्हा मुख्यालयातली आणि ठाण्यांतली बरीचशी मॅगझिनं वर्षातून एकदा रेंजवर जातात आणि एरवी कपाटात असतात. त्यांना आपटी कमी, ओल जास्त. एसएलआर या जुन्या रायफलीची पोलादी मॅगझिनं तिथे आणखी बरीच वर्षं चालतील, फक्त पावसाळ्याआधी आणि नंतर उघडून आतून पाहिली पाहिजेत आणि कोयना-महाबळेश्वरच्या बाजूला पावसाळ्यात महिन्याला एकदा. ती टाकून प्लास्टिकची घेण्यात पैसा घालवू नये. सैन्यात मात्र उलट. तिथे वजन, थंडी आणि रोजची आदळआपट तिन्ही आहेत, आणि आत पोलाद घातलेलं, नीट तपासलेलं प्लास्टिक तिथे सरस आहे.

नंबर टाकण्याची एक सवय मात्र दोन्हीकडे मोडायला हवी. पोलादी मॅगझिनवर रायफलीचा किंवा नगाचा नंबर पंच-हातोडीने ठोकतात, तेच हात प्लास्टिकवरही चालतात. पंचाचा प्रत्येक घाव म्हणजे चिरेला तयार सुरुवात, आणि नंबर बहुतेकदा ठोकला जातो तो खोक्याच्या पाठीवर, जिथे मॅगझिन झुलवताना ताण येतो. प्लास्टिकवर नंबर रंगाने लिहावा, आधी पुसलं जाणार नाही ना हे एका नगावर पाहून, आणि रंगात थिनर असेल तर पॉलिकार्बोनेटवर तोही नको. तिथे चिकटपट्टीचं लेबल पुरे.